हप्ता आपला, मग टर्बोही आपलाच

 

पापड, शिवण, व्याज, कर्ज यांवर आम्ही नेहमीच बोलतो. आज मात्र बोलणार आहोत गाडीच्या टर्बोवर. काही जणी हसतील. म्हणतील, हे तर गॅरेजवाल्यांचं काम. पण जरा आपल्या गावाकडे बघा. कळंबोलीचं लोखंड मार्केट, तळोज्याची एमआयडीसी, १९८९ साली सुरू झालेलं न्हावा शेवाचं बंदर, आणि कळंबोलीपासूनच निघणारा पुण्याचा एक्सप्रेस वे. इथे गाडीवर चालणारी घरं किती आहेत! कोणाकडे ट्रक, कोणाकडे भाजीची पिकअप, कोणाकडे भाड्याने फिरणारी एसयूव्ही. गाडी चालवतो घरचा पुरुष, पण कर्जाच्या कागदावर कर्जदार म्हणून किंवा जामीनदार म्हणून सही बहुतेक वेळा आपलीही असते. गाडी चार दिवस उभी राहिली तर पहिला फटका बसतो तो आपल्या घरखर्चाला आणि गटाच्या हप्त्याला.

म्हणून या गाडीतल्या ज्या भागाची सगळ्यात जास्त भीती घातली जाते, तो भाग आज समजून घेऊ. "टर्बो गेला" असा फोन आला की घरात सुतक पडल्यासारखं होतं. काही जण म्हणतात, टर्बोच्या गाड्या नाजूक, जुनी बिनटर्बोचीच बरी. काही जण म्हणतात, टर्बो म्हणजे ॲव्हरेज आपोआप वाढतं. दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या आहेत.

आधी टर्बो म्हणजे काय ते बघू. आपल्यापैकी ज्यांनी चूल पेटवली आहे त्यांना हे समजावून सांगायची गरजच नाही. लाकडं तीच, पण फुंकणीने फुंकर घातली की जाळ नीट धरतो आणि धूर कमी होतो. कारण लाकडाला हवा मिळते. इंजिनाचंही तसंच आहे. डिझेल नीट जळायला भरपूर हवा लागते. बिनटर्बोचं इंजिन स्वतःच्या श्वासाने जेवढी हवा ओढेल तेवढ्यावरच चालतं. टर्बो ही इंजिनाची फुंकणी. गंमत अशी की ही फुंकणी इंजिनाच्या धुरावरच फिरते. जळालेल्या इंधनाची साधारण एक तृतीयांश उष्णता सायलेन्सरमधून वाया जाते. त्या वाया जाणाऱ्या गरम धुराच्या वाटेत एक छोटं पंख्यासारखं चक्र बसवलेलं असतं. धुराने ते फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरतं. दाबलेली हवा गरम होते, म्हणून मधे तिला गार करायला इंटरकूलर असतो. तो बहुतेक गाड्यांत समोर, रेडिएटरजवळ दिसतो.

ही कल्पना नवी नाही. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. आपल्याकडे घरगुती मोठ्या गाड्यांत ती रुळली ती गेल्या पंचवीस-तीस वर्षांत. १९९८ साली टाटा सफारी आली, २००२ साली महिंद्राची स्कॉर्पिओ आली. पुढे प्रदूषणाचे नियम जसे कडक होत गेले तसा टर्बो जवळपास सगळ्याच डिझेल गाड्यांत आला. आता तर छोट्या पेट्रोल एसयूव्हीतही आहे. २०१७ साली आलेल्या टाटा नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन फक्त १.२ लिटरचं आहे, पण त्याला टर्बो आहे. तेव्हा "बिनटर्बोची घेऊ" हा पर्याय नव्या डिझेल गाडीत आता जवळजवळ उरलेलाच नाही. मग भीती बाळगण्यापेक्षा ओळख करून घेतलेली बरी.

आता ॲव्हरेजचा प्रश्न. टर्बो डिझेल वाचवतो का? वाचवतो, पण फुकटात नाही. टर्बोमुळे लहान इंजिन मोठ्या इंजिनाचं काम करू शकतं. लहान इंजिनाचं स्वतःचं वजन आणि घर्षण कमी, म्हणून शांतपणे चालवलं तर इंधन कमी लागतं. पण पाय जोरात दाबला की जास्त हवेबरोबर जास्त डिझेलही आत जातं. शेवटी ताकद येते ती इंधनातूनच. त्यामुळे एकच गाडी दोन ड्रायव्हरांच्या हातात वेगवेगळं ॲव्हरेज देते. पेट्रोलच्या छोट्या टर्बो गाड्यांत हा फरक आणखी ठळक दिसतो. हळू चालवली तर छान, आणि सारखं ओव्हरटेक करत पळवली तर मोठ्या इंजिनाइतकीच पिते.

शोरूममध्ये जो ॲव्हरेजचा आकडा सांगतात तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत ठराविक पद्धतीने केलेल्या चाचणीतला असतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो चांगला. पण त्याच्यावर घरचं बजेट बांधू नका. चाचणीत सायन-पनवेल रस्त्यावरची वाहतूक कोंडी नसते आणि मागे दीड टन माल नसतो.

ट्रकच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा असतो, त्यावर हिरवा पट्टा असतो. काटा त्या पट्ट्यात राहील असा गिअर ठेवला की इंजिन कमी इंधनात चांगलं ओढतं. टायरमध्ये हवा कमी, माल जास्त आणि वेग जास्त, या तिन्हींनी ॲव्हरेज पडतं. ते पडलं की दोष मात्र टर्बोला दिला जातो.

आता भरवशाचं बोलू. टर्बो नाजूक आहे का? आपला घरचा मिक्सर जोरात फिरवला तर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतो. छोट्या गाडीतला टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. आणि घाट चढताना त्याच्यातून सहाशे-सातशे अंशाचा गरम धूर जात असतो. एवढं सगळं तो सोसतो कशाच्या जोरावर? इंजिन ऑईलच्या. टर्बोचा दांडा ऑईलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर आहे तोवर धातूला धातू लागत नाही आणि टर्बो वर्षानुवर्षं चालतो. ऑईल कमी पडलं, जुनं होऊन काळं घट्ट झालं किंवा स्वस्तातलं भलतंच घातलं, की तो थर तुटतो. मग काही क्षणांत नुकसान होतं.

आमच्या एका गटातल्या ताईंच्या घरची गोष्ट सांगतो. त्यांची पिकअप पुण्याहून भाजी आणायची. कर्ज ताईंच्या नावावर. एक दिवस घाटात गाडी ओढेना, मागे निळा धूर. गॅरेजने टर्बो बदलला, मोठं बिल झालं. चार महिन्यांनी पुन्हा तेच. गॅरेजवाले म्हणाले, "नवाच खराब निघाला, तुमचं नशीब." ताईंचा गटाचा हप्ता थकला. मग त्यांनी गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्याने टर्बोला ऑईल नेणारी बारीक नळी सोडवून दाखवली. आत काजळीचा दट्ट्या बसला होता. म्हणजे टर्बो दोन्ही वेळा उपाशी मेला होता. नळी काही रुपयांची, आणि तिच्यापायी दोन टर्बो आणि तीन आठवड्यांचा धंदा गेला.

ताईंना हप्त्याला मुदत द्यायची का, यावर गटाची बैठक झाली. मुदत दिली. पण त्याच बैठकीत आम्ही सगळ्यांना एक प्रश्न विचारला, "तुमच्या गाडीचं ऑईल शेवटचं कधी बदललं?" बहुतेक जणींच्या घरी गाडी, पण उत्तर एकीलाच देता आलं. ती म्हणाली, "मी कॅलेंडरवर लिहिते." दुधाचा हिशोब आपण कॅलेंडरवर लिहितो, गॅस सिलिंडरची तारीख लिहितो. लाखोंच्या गाडीची एक तारीख लिहायला काय हरकत आहे?

त्या दिवसापासून आम्ही गटागटांत सांगत असतो: टर्बो आपणहून क्वचितच मरतो, बहुधा त्याला मारलं जातं. मारणाऱ्या गोष्टी चारच आहेत. खराब किंवा कमी ऑईल, घाणेरडी हवा, गरम असताना अचानक इंजिन बंद करणं, आणि आधीचा बिघाड न शोधता नवा टर्बो बसवणं.

ऑईलचं सांगून झालं. एवढंच जोडतो की गाडीच्या पुस्तकात जी प्रत लिहिली आहे तीच घ्यावी, आणि ठरलेले किलोमीटर किंवा ठरलेले महिने, यांत जे आधी येईल तेव्हा ऑईल आणि ऑईल फिल्टर दोन्ही बदलावेत. आठवड्यातून एकदा, गाडी सपाट जागेवर आणि इंजिन थंड असताना, ऑईलची पट्टी काढून पाहावी. दोन खुणांच्या मधे ऑईल हवं. हे काम कोणालाही जमतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलीलाही शिकवा.

दुसरी गोष्ट हवेची. टर्बो हवा ओढतो ती एअर फिल्टरमधून. आपल्या तालुक्यात खडीच्या खाणी आहेत, बांधकामं आहेत, रस्त्यांची कामं चालू असतात. धुळीने फिल्टर तुंबला की इंजिन गुदमरतं, काळा धूर येतो, ॲव्हरेज पडतं. फिल्टर फाटला किंवा त्याचा पाइप सैल असला तर धूळ थेट फिरत्या चक्राच्या पात्यांवर जाते आणि वाळूने घासल्यासारखी त्यांची धार जाते. जास्त दाबाची हवा मारून कागदी फिल्टर साफ केला तर त्याला बारीक भोकं पडतात. पाचशे-हजार रुपये वाचवायला जाऊन टर्बो गमावू नये.

पावसाळ्यात आणखी एक. गाढी नदीला पूर आला की आपल्याकडे सखल रस्त्यांवर पाणी भरतं. पाणी हवेच्या पाइपातून इंजिनात शिरलं आणि गाडी बंद पडली, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये. पाणी दाबलं जात नाही, आतले भाग वाकतात. गाडी ओढून न्यावी.

तिसरी गोष्ट घाटाची. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत भरलेली गाडी चढली की टर्बो तापून लाल होण्याच्या बेताला आलेला असतो. वर पोहोचल्यावर चहासाठी गाडी थांबवली आणि लगेच चावी फिरवली, तर इंजिनाबरोबर ऑईलचा पंपही थांबतो. तापलेल्या टर्बोत उरलेलं ऑईल करपतं. कढईत तेल करपल्यावर जसा काळा थर बसतो, तसाच थर त्या बारीक नळीत बसत जातो. म्हणून थांबल्यावर दोन-तीन मिनिटं इंजिन संथ चालू ठेवावं, मग बंद करावं. सकाळी सुरू केल्यावरही अर्धा-एक मिनिट ऑईल वर चढू द्यावं, लगेच रेस करू नये. जुन्या घाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर मंडळी गाडी हळू करून नाणं वाहतात, नमस्कार करतात. श्रद्धा आपापली, पण तेवढी उसंत इंजिनालाही मानवते. मात्र तासभर इंजिन चालू ठेवून झोपू नये. ट्रकचं इंजिन उभ्या उभ्या तासाला लिटर-दोन लिटर डिझेल सहज पितं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथे प्रश्न पैशांचा नाही, जिवाचा आहे. घाट उतरताना डिझेल वाचवायला काही जण गाडी न्यूट्रल करतात, काही तर इंजिनच बंद करतात. मैत्रिणींनो, आपापल्या घरी हे आजच बोला. आताच्या इलेक्ट्रॉनिक पंपाच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर डिझेल जाणं बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे न्यूट्रलने काहीच वाचत नाही. उलट इंजिनाचा ब्रेक सुटतो, सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो, ते तापतात आणि लागेनासे होतात. इंजिन बंद केलं तर ब्रेकची मदत आणि स्टिअरिंगची मदतही जाते. त्या घाटात झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. ज्या गिअरमध्ये चढलो, जवळपास त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ गाड्या आल्या. त्यासाठी डिझेलमधलं गंधकही कमी केलं, दहा लाख भागांत ५० होतं ते १० वर आणलं. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर तो तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो फिल्टर तापून काजळी जळून जायला गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एका चालीने चालवावी लागते. जिला फक्त बाजार आणि शाळा एवढंच फिरायचं आहे, तिने डिझेल एसयूव्ही घेण्याआधी याचा विचार करावा. तिला पेट्रोल किंवा सीएनजी जास्त सोयीची पडेल. मोठ्या ट्रकांत युरियाची वेगळी टाकी असते. त्यात साडेबत्तीस टक्क्यांचं शुद्ध द्रावणच घालायचं असतं. शेतातला युरिया पाण्यात कालवून घातला तर महागडी यंत्रणा बंद पडते.

गाडी बिघडण्याआधी बोलत असते, आपण ऐकायला शिकायचं. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय, फिल्टर किंवा पाइप बघा. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. रेडिएटरचं पाणी कमी होत असेल आणि गरम इंजिनातूनही पांढरा धूर येतच राहिला, तर पाणी इंजिनात जात असेल. शिट्टीसारखा आवाज अचानक वाढला आणि गाडी ओढेनाशी झाली, तर हवेचा पाइप निसटला किंवा फाटला असेल. पुष्कळदा असा पाइप आणि त्याचा क्लिप बदलूनच गाडी ठीक होते, टर्बोला हातही लावावा लागत नाही. पण ऑईलचा लाल दिवा लागला, तर गाडी तिथेच बाजूला घेऊन बंद करायची. "घरापर्यंत नेऊ" म्हणायचं नाही.

"टर्बो गेला" असं गॅरेजने सांगितलं तर घाबरू नका. शांतपणे चार गोष्टी विचारा. जुना टर्बो दाखवा. तो कशामुळे गेला? ऑईलची नळी तपासली का, साफ केली की बदलली? नव्याची गॅरंटी लेखी मिळेल का? "ताई, तुम्हाला काय कळतंय" असं कोणी म्हटलं, तर म्हणा, "हप्ता मी भरते, म्हणून कळून घेतेय." जो मिस्त्री नीट काम करतो त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट तो उत्साहाने दाखवतो, हा आमचा अनुभव आहे.

वापरलेली गाडी घेणार असाल तर इंजिन थंड असतानाच बघायला जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर पुन्हा जा. सुरू करताना धूर बघा. सर्व्हिसची बिलं मागा. बरोबर मिस्त्री न्या आणि त्याला टर्बोचा हवेचा पाइप सोडवून दांडा हलतो का, पाइपात ऑईल साचलंय का हे पाहायला सांगा. मिस्त्रीला दिलेले पैसे इथे वाया जात नाहीत. आमच्या गटांत आता जुन्या गाडीसाठी कर्ज मागितलं की सर्व्हिसची बिलं बघूनच पुढचं बोलणं होतं.

शेवटची गोष्ट आपल्या सगळ्यात ओळखीची. वही. गटाची वही आपण चोख ठेवतो, तशीच एक गाडीची वही करा. तारीख, किलोमीटरचा आकडा, किती लिटर, किती रुपये, आणि ऑईल, फिल्टर कधी बदललं. ॲव्हरेज काढायला टाकी फुल करा आणि आकडा लिहा. पुढच्या वेळी पुन्हा फुल करा. समजा, मधे ४८० किलोमीटर झाले आणि ४० लिटर बसलं, तर ॲव्हरेज १२. महिन्याला अडीच हजार किलोमीटर चालणारी गाडी १२ वरून १० वर आली, तर जवळपास ४२ लिटर डिझेल जास्त लागतं. लिटरला ९० रुपये धरले तरी पावणेचार हजार रुपये. कित्येक घरांत हा गटाचा महिन्याचा हप्ताच आहे. आणि ॲव्हरेजचं हे पडणं बहुतेक वेळा धूर दिसायच्या आधी वहीत दिसतं. तेव्हाच फिल्टर बघितला तर काम शेकड्यांत भागतं, पुढे ते हजारांवर जातं.

एक मात्र सांभाळा. ही वही घरच्या माणसावर पाळत ठेवायला नाही. डिझेल कुठे गेलं म्हणून भांडण काढलं तर दुसऱ्याच दिवशी आकडे मिळणं बंद होईल. रस्त्यावर तो दिवसरात्र राबतो, कोंडीत अडकतो, वजनकाट्यावर रांगेत उभा राहतो. वही दोघांची म्हणून ठेवा. आकडे त्याने सांगावेत, हिशोब आपण करावा. आमच्या गटांतल्या ज्या घरांत असं झालं, तिथे आता "ऑईल बदलायचं राहिलंय" ही आठवण बायकोच करून देते, आणि नवराही "तिला विचारून सांगतो" असं गॅरेजमध्ये म्हणतो.

तेव्हा पुढच्या मासिक बैठकीला ज्यांच्या घरी गाडी आहे त्या सगळ्यांनी एक कोरी वही आणि गाडीचं कंपनीचं पुस्तक घेऊन या. ऑईलची प्रत आणि बदलायचे किलोमीटर आपण त्यातून एकत्र बसून शोधू आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहू. घरून निघण्याआधी किलोमीटरचा आजचा आकडा तेवढा बघून या.